विंडोज मागे फिरतंय? फॉरमॅट मारायची घाई नको

प्रश्न : ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. घरी २०१९ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे : नवव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, विंडोज १०. भाच्याने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) काहीतरी चालू केलं आणि आता हा डबा ‘अकरा’ला, म्हणजे विंडोज ११ ला, चालतो असं म्हणाला. डाउनलोड नीट होतं, टक्के चढतात, कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो. मग मध्येच अडकतो, ‘अनडूइंग चेंजेस’ अशी ओळ येते आणि थोड्या वेळाने पुन्हा विंडोज १० हजर! दर वेळी हेच. शेवटी पाटी दिसते : ०एक्ससी१९००१०१ – ०एक्स३००१८. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून कोरी विंडोज टाकतो, तुमचा डेटा डी ड्राइव्हला आहे, घाबरू नका. पण त्यात सोसायटीचा सगळा जुना पत्रव्यवहार आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, त्या मी योगेश फाँटमध्ये टाइप केल्या आहेत. कॉम्प्युटरला प्रिंटर, वायफायचा डोंगल आणि सोसायटीच्या कामासाठीचं डिजिटल सहीचं टोकन जोडलेलं असतं. काय करू? (नाव छापू नये, बार्शी)

उत्तर : काका, तुम्ही आकडा लिहून पाठवलात म्हणून निम्मं काम झालं. माझ्या दुकानात येणारे बहुतेक जण ‘काहीतरी एरर आला होता’ एवढंच सांगतात.

त्या आकड्याचे दोन भाग आहेत. पहिला, शेवटी १०१ असलेला, बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, डोंगल अशा वस्तूंशी विंडोजला बोलता यावं म्हणून टाकलेलं छोटं सॉफ्टवेअर. दुसरा भाग गाडी कुठे अडली ते सांगतो. ०एक्सनंतर १ असेल तर जुनी विंडोज चालू असतानाच अडली, २ असेल तर मधल्या तयारीत, ३ असेल तर नवीन विंडोज पहिल्यांदा उठताना आणि ४ असेल तर अगदी शेवटच्या टप्प्यात. तुमचा ३ आहे. म्हणजे जागा, डाउनलोड, प्रोसेसर या सगळ्या परीक्षा पास झाल्या. नवी विंडोज उठली, जोडलेल्या वस्तू ओळखायला गेली आणि तिथे एकाने उत्तरच दिलं नाही. मग तिने गुपचूप सगळं पूर्ववत केलं. हे मागे फिरणं चांगलं लक्षण आहे, त्यात तुमच्या फायली शाबूत राहतात. फक्त ती ओळ दिसत असताना कंटाळून बटण दाबून बंद करू नका. खरं नुकसान तिथे होतं.

माझा पहिला संशय वायफायच्या डोंगलवर आहे. असेंबल केलेल्या डब्यांना लावलेले हे नखाएवढे डोंगल पुष्कळदा बिननावाचे असतात, त्यांचा ड्रायव्हर सोबतच्या छोट्या सीडीवरून टाकलेला असतो आणि त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. दुसरा संशय सहीच्या टोकनवर. प्रिंटर तिसरा. बाहेरून विकत घेतलेलं अँटिव्हायरस असेल तर तेही या रांगेत उभं करा.

आता फॉरमॅटबद्दल. फॉरमॅट मारला तर अडचण जाईल, हे दुकानदाराचं खरं आहे. सी ड्राइव्ह साफ केला की ड्रायव्हरही जातो. पण त्याच्याबरोबर योगेश फाँटही जाईल, कारण फाँट सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात असतात. तुमच्या ओव्यांची फाइल डी ड्राइव्हला जशीच्या तशी राहील, उघडेलही, पण पडद्यावर दिसेल रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा. योगेश, सुरेख हे सरकारी कचेऱ्यांतले जुने फाँट युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी त्याचं फक्त चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की चित्र गेलं. अशा फायली घेऊन रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि गेलेलं काहीच नसतं, नेमका तो फाँट परत टाकला की सगळं दिसतं. पण तो हाताशी हवा ना!

म्हणून सगळ्यात आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातल्या फाँट्समध्ये जा, योगेश नावाचे जेवढे दिसतील तेवढे पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मग डी ड्राइव्हचा महत्त्वाचा भाग बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात, तेव्हा ‘डेटा डी ला आहे’ हा काही बॅकअप नव्हे. जमलं तर ओव्यांची एक प्रत युनिकोडमध्ये बदलून ठेवा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं ते हमखास बिघडवतात, त्यामुळे एकदा मूळ प्रतीशी ताडून वाचावं लागेल. ओव्या आईच्या असल्यामुळे ते काम तुम्हाला जड जाणार नाही.

आता मुख्य काम. आधी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधलेली अख्खी विंडोज, उतरवून घ्या. पाच जीबीच्या वरच भरेल. तिथे भाषा विचारतात, तेव्हा सध्याच्या विंडोजची जी आहे तीच निवडा. ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ या दोन वेगळ्या भाषा धरल्या जातात. चूक झाली तर पुढे सॉफ्टवेअर तसंच ठेवण्याचा पर्याय निवडता येत नाही.

फाइल उतरली की डोंगलची गरज संपली. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये डोंगल शोधा, अनइन्स्टॉल म्हणा, आणि ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढून टाकायचं का असं विचारणाऱ्या चौकटीत टिक करा. ही टिक करायची राहिली तर काढल्यासारखं होतं फक्त. मग डोंगल उपसून बाजूला ठेवा. टोकनचं सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनेलमधून काढा. तुमचं सहीचं प्रमाणपत्र टोकनच्या आत असतं, कॉम्प्युटरमध्ये नसतं, त्यामुळे हे काढल्याने सही जात नाही. मात्र त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशियलाइझ’ असं बटण असतं, त्याला चुकूनही हात लावू नका, त्याने टोकन कोरं होतं. प्रिंटरची वायर काढा. मागे फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर उरला पाहिजे.

आयएसओवर डबल क्लिक केलं की ती सीडीसारखी उघडते. त्यातलं सेटअप चालवा. पहिल्याच पडद्यावर अपडेट कसे घ्यायचे ते बदलण्याची बारीक अक्षरातली ओळ असते, तिथे ‘नॉट राइट नाऊ’ निवडा. शेवटच्या पडद्यावर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ लिहिलेलं आहे ना, ते डोळ्यांनी बघा. नसेल तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. सी ड्राइव्हला तीसेक जीबी मोकळी जागा असू द्या.

आणि सेटअप चालवण्याआधी यूपीएस तपासा, मध्येच वीज गेलेली चालणार नाही. घरगुती यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, तरी दिवा हिरवाच दाखवते. काहीही उघडं नसताना भिंतीचं बटण बंद करा आणि कॉम्प्युटर किती मिनिटं तग धरतो ते पाहा. लगेच बंद पडला तर आधी बॅटरी बदला, नाहीतर शेजारच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढा. दुरुस्तीसाठी लाईट घालवतात तो वार टाळा.

अकरा नीट उठली की आधी एकटा डोंगल लावा. विंडोज स्वतःच ड्रायव्हर शोधते. नाही सापडला तर डोंगल बदला, जुन्या सीडीच्या वाटेला जाऊ नका. मग टोकन, त्याचं सॉफ्टवेअर ज्यांनी टोकन दिलं त्यांच्याकडून नवीन घ्या. नवी विंडोज पटली नाही तर दहा दिवसांपर्यंत मागे जाता येतं, तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर पुसू नका. इतकं करूनही तोच आकडा, तोच ३ आला, तर बायोस आणि मदरबोर्डचे ड्रायव्हर बघावे लागतील. तेव्हा पुन्हा लिहा, मदरबोर्डवरचं मॉडेल लिहून पाठवा.

प्रश्न : अपडेटनंतर लॅपटॉप निळा पडदा दाखवून ४८ आकड्यांची किल्ली मागतो. मी कसलीच किल्ली कधी ठेवली नाही. (म्हापसा)

उत्तर : तुम्ही ठेवली नसली तरी बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसली आहे. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ज्या ईमेलने नोंदणी केली, त्याच ईमेलने मोबाइलवरून खात्यात शिरा आणि डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की शोधा. घरात दोन-तीन खाती असतील तर सगळी बघा, लॅपटॉप मुलाच्या ईमेलवर नोंदवलेला निघतो. एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या ओळखक्रमांकाशी जुळणारी घ्या. कुठेच मिळाली नाही तर डेटा परत आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. डिस्क कुलूपबंद आहे, किल्लीवाचून ती कुणालाच उघडता येत नाही.

प्रश्न : हा सगळा ताप नको म्हणून अपडेट बंदच करून टाकले तर? (डोंबिवली)

उत्तर : इंटरनेट लावणार नसाल तर खुशाल करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस आलं, तेव्हा ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघालेला होता. जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने इतर वाटांबरोबर तेच भोक वापरलं आणि तुमच्यापासून काही लांब नसलेल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. विंडोज १० वापरत असाल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत अपडेट थांबले आहेत. जादा सुरक्षा अपडेटसाठी घरगुती ग्राहकांना जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे, आणि त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. ते आजच करा, मग बाकीचं बघू.