शटलमध्ये डॉक्टर असतात का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावीत, दहावीला 91 टक्के, लहानपणापासून स्पेस शटलचं (नासाचं परत परत उडणारं अंतराळयान) वेड, म्हणून तुम्ही तिला बायो घेऊ दिलं नाहीत, जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून मोकळे झालात आणि आता विचारताय की कल्पना चावलांसारखं शटलचं पायलट व्हायला कुठला कोर्स करावा लागतो. चार पानांत "आम्ही ठरवलंय" पाच वेळा आलंय, मी मोजलं. आणि शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात पेन्सिलीने, वेगळ्याच अक्षरात, एक ओळ आहे: "सर, शटलमध्ये डॉक्टर असतात का?"

ती तुम्हाला न सांगता लिहिलेली दिसतेय. मी आता तिचं बिंग फोडलं, पण ओरडू नका तिला, अख्ख्या पत्रात कामाचा प्रश्न तेवढाच आहे.

आधी तुमचं. शटल आता उडत नाही हो. 1981 ते 2011, 135 मोहिमा, आणि उरलेली यानं आता लोकांना बघायला ठेवलीत. ज्या गाडीचं प्रॉडक्शन बंद होऊन इतकी वर्षं झाली तिच्या ड्रायव्हिंगचा क्लास शोधताय तुम्ही!

आणि कल्पना चावला शटलच्या पायलट नव्हत्या. विमान चालवायचं लायसन्स होतं त्यांच्याकडे, पण क्रूमध्ये त्या मिशन स्पेशालिस्ट. पुढच्या दोन सीटवर कमांडर आणि पायलट, त्यातही यान उतरवायची जबाबदारी कमांडरची, म्हणजे पायलट हे नाव मोठं पण काम साधारण को-पायलटचं, आणि बाकीचे चार-पाच जण रोबोटिक आर्म, म्हणजे यानाचा यांत्रिक हात, चालवणार, स्पेसवॉक करणार, प्रयोग करणार. 1997 मध्ये, त्यांच्या पहिल्या मोहिमेत, कल्पनांकडे तो आर्मच होता. 2003 मध्ये कोलंबिया नावाचं शटल परतताना तुटलं, त्यात कल्पनांसोबत गेलेल्या सहा जणांपैकी डेव्हिड ब्राउन आणि लॉरेल क्लार्क हे दोघं डॉक्टर होते, अमेरिकन नेव्हीतले. पाचही शटलमधून जाऊन आलेला माणूस एकच, स्टोरी मस्ग्रेव्ह, तोही डॉक्टर. तर बेटा, असतात. भरपूर असतात.

जेईई, आयआयएसटी (अंतराळ विज्ञान शिकवणारी सरकारी संस्था), एनडीए हे क्लासवाल्यांनी सांगितलंच असेल. नासाच्या अंतराळवीरांत निवड व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, कल्पनांनीही ते घेतलं होतं. आपल्या गगनयानसाठी निवडलेले चौघं हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत, म्हणजे सध्या तरी आपल्याकडे यानात बसायचा रस्ता तिकडून जातो आणि तो फार अरुंद आहे, त्याची गॅरंटी कोणी देत असेल तर तिथून उठून या. पण त्या चौघांना तपासून फिट ठरवलं कुठे? बेंगळुरूला, हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये. एमबीबीएसनंतर तिथे याच विषयात एमडी करतात. हे तुमच्या चार पानांत कुठेच नाही आणि तिच्या एका ओळीत आहे.

फीचं म्हणाल तर क्लासवाल्यांशी बोलून बघा, नाही परत मिळाली तर गेली, तेवढ्यासाठी पोरीची दोन वर्षं घालवू नका. या आठवड्यात कॉलेजात जाऊन गणित ठेवून बायो घेता येतं का ते विचारा, जाताना तिला सोबत न्या आणि तिथे तिलाच बोलू द्या. पुढचं पत्रही तिलाच लिहू द्या. पेनाने.