मराठवाड्यातली दोन विद्यापीठं एकत्र केली तर खर्च वाचेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने 2022 मध्ये अडचणीतल्या सहा सरकारी विद्यापीठांची दोन केली. मग छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड ही विद्यापीठं एक करून सरकारने पैसा का वाचवू नये?

माझ्या मते वाचणार नाही. वाचलाच तर पाच-सहा मोठ्या खुर्च्यांचा आणि त्यांच्या गाड्यांचा. मी लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालो. विद्यापीठाशी आमचा संबंध पात्रता, परीक्षा अर्ज, संलग्नीकरण आणि मार्कमेमो (गुणपत्रिका) एवढाच, पण रोजचा. त्यामुळे माझं उत्तर कुलगुरूंच्या दालनातलं नाही, आमच्या खिडकीवरचं आहे.

आधी पेन्सिल्व्हेनियाचं बघू. तिथे राज्याच्या एका मंडळाखाली 14 विद्यापीठं होती. 2010 मध्ये सगळी मिळून विद्यार्थी 1 लाख 20 हजारांच्या घरात होते, ते 2020 पर्यंत 94 हजारांच्या आसपास आले. शाळा संपवून बाहेर पडणारी मुलंच कमी झाली होती. विद्यापीठांचा संसार फी आणि राज्याच्या अनुदानावर, त्यामुळे वसतिगृहं आणि वर्ग ओस पडले तरी खर्च तेवढाच. जुलै 2021 मध्ये मंडळाने मंजुरी दिली. 1 जुलै 2022 पासून कॅलिफोर्निया (हे पेन्सिल्व्हेनियातलंच एक गाव), क्लॅरियन आणि एडिनबरो यांचं पेनवेस्ट झालं; ब्लूम्सबर्ग, लॉक हेवन आणि मॅन्सफिल्ड यांचं कॉमनवेल्थ. परिसर सगळे चालू ठेवले, पेनवेस्टमध्ये तर खेळाचे संघसुद्धा गावोगावचे वेगळेच राहिले. काटकसर झाली ती सारखे अभ्यासक्रम एकत्र करून आणि माणसं कमी करून. त्याच सुमारास राज्याने अनुदान वाढवलं आणि फी 2018 पासून गोठवलेलीच ठेवली, हे मात्र इथे कुणी सांगत नाही. एवढं करूनही पेनवेस्टची विद्यार्थिसंख्या पुढे घसरतच राहिली.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याने 2012 ते 2018 या काळात 35 संस्थांच्या 26 केल्या. तिथे जॉर्जिया स्टेटमध्ये पेरिमीटर कॉलेज विलीन झालं तेव्हा जॉर्जिया स्टेटकडे देण्यासारखं काहीतरी होतं: कोणता विद्यार्थी मागे पडतोय हे वेळीच ओळखून त्याला गाठणारी सल्लागारांची फळी. ती पेरिमीटरच्या मुलांना मिळाली. म्हणजे जिथे एक घर भक्कम असतं तिथे एकत्र येण्याला अर्थ असतो.

आता आपल्याकडे या. अमेरिकेतलं विद्यापीठ मुलांना स्वतः शिकवतं. आपलं विद्यापीठ बहुतांशी दुसऱ्यांनी शिकवलेल्या मुलांची परीक्षा घेतं. परिसरातले पदव्युत्तर विभाग सोडले तर मुलं असतात तालुक्याच्या कॉलेजात. तिथल्या मंजूर अनुदानित पदांचा पगार थेट शासन देतं, उरलेलं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या पोरांकडून करून घेतलं जातं. दोन विद्यापीठं एक केल्याने यातलं एकही कॉलेज कमी होत नाही की एकही पेपर कमी होत नाही. कमी होतात एक कुलगुरू, एक प्र-कुलगुरू, एक कुलसचिव, एक परीक्षा संचालक, एक वित्त व लेखा अधिकारी. पेन्सिल्व्हेनियात पदं कमी करून पैसा वाचला. आपल्याकडे पदं आधीच रिकामी आहेत. जो माणूस नेमलाच नाही त्याला कमी करून काय वाचवणार?

परीक्षेचा व्याप मोठा झाला की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये दाखवलं. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईत झाला, निकाल महिनोन् महिने रखडले आणि शेवटी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवलं गेलं. आमच्याकडे परीक्षेच्या सकाळचं चित्र असं: प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते, पासवर्ड पेपरच्या थोडा आधी. प्राचार्यांच्या खोलीत दार लावून दोघं जण प्रिंट काढतायत, झेरॉक्स मशीन तापलेलं, लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टरकडे एकाचं लक्ष. एखाद्या विषयाची जुन्या अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका आली की फोन सुरू. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला निम्मी माणसं आणि दुप्पट कॉलेजं असतील तर पोरं हॉलमध्ये किती वेळ बसून राहतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

‘आता सगळं ऑनलाइन आहे, अंतराचं काय’ असं कुणी म्हणेल. अर्ज ऑनलाइन असतो, चूक मात्र ऑनलाइन निघत नाही. मार्कमेमोवर आईच्या नावात एक अक्षर चुकलं की टीसीची प्रत, प्रतिज्ञापत्र, कॉलेजचं पत्र, चलन आणि वर एक चक्कर. किनवटच्या मुलीला त्यासाठी नांदेडला जाणंच जड जातं. तिला संभाजीनगर गाठायला लावायचं म्हणजे आणखी अडीचशे किलोमीटर, मुक्काम आणि सोबतीला घरातला एक माणूस. बापाची दोन दिवसांची मजुरी कोणत्याच विद्यापीठाच्या ताळेबंदात दिसत नाही.

शिवाय ही दोन विद्यापीठं दोन का आहेत, तेही बघायला हवं. राज्य पुनर्रचनेपूर्वी आपण हैदराबाद राज्यात होतो, पदवी उस्मानियाची. 23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं तेव्हा कुठे घरचं विद्यापीठ मिळालं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळं विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणी (हिंगोली तेव्हा परभणीतच) तिकडे गेले. पेनवेस्ट हे नाव एखाद्या समितीने बसून काढलं तर चालतं. इथे एकत्र केलेल्या विद्यापीठाची पाटी रंगवायला कोण पुढे येईल? मी तरी नाही. आणि मागणी तर उलटीच आहे: लातूरला स्वतंत्र विद्यापीठ हवं, धाराशिवच्या उपपरिसराचं विद्यापीठ करा.

या उलट्या मागणीबद्दलही मला शंका आहे, आणि त्याचं कारण आमच्या शेजारीच आहे. उदगीरच्या पलीकडे कर्नाटकात बिदर. कर्नाटकच्या आधीच्या सरकारने बिदरसकट नवी विद्यापीठं काढली, पण जागा, माणसं आणि पैसा मागे धाडला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ उपसमितीने त्यातली नऊ बंद करून जुन्या विद्यापीठांत मिसळण्याची दिशा धरली. बिदर तेवढं त्यातून वगळलं. तेव्हा लातूरकरांनी पाटी मागण्याआधी पदं मागावीत.

एकत्र करायचंच असेल तर खाली करा. एकाच तालुक्यात तीन-तीन विनाअनुदानित कॉलेजं, प्रत्येकात एका विषयाला सात-आठ मुलं, आणि प्रयोगशाळेत कुलूप. राज्याच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात समूह विद्यापीठाची, म्हणजे काही कॉलेजं मिळून एक विद्यापीठ करण्याची, सोय आहे. मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि शासकीय अध्यापक महाविद्यालय मिळून होमी भाभा विद्यापीठ झालं ते त्याच धर्तीवर. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर संलग्नीकरणाची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची म्हटलंय. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय आधीच स्वायत्त आहे, म्हणजे परीक्षा स्वतःच घेतं. मोठी कॉलेजं अशी बाहेर पडली की परीक्षा शुल्क त्यांच्याबरोबर जाईल. खरी अडचण तेव्हा सुरू होईल, आणि ती दोन्ही विद्यापीठांना सारखीच असेल.

तुम्हाला खर्चाचंच बघायचं असेल तर दरवर्षी मार्चमध्ये अधिसभेपुढे (सिनेटपुढे) विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो, तो मिळवा. पहिल्या पानावरची एकूण बेरीज सोडा. परीक्षा शुल्कातून किती जमा आणि परीक्षेवर किती खर्च, हे दोन आकडे आधी शोधा. मग मंजूर पदं आणि भरलेली पदं यांचा तक्ता माहितीच्या अधिकारात मागवा. अर्ज दहा रुपयांत होतो.