दूर राहणाऱ्या चाहत्यांनी क्लबचं सदस्यत्व टिकवावं यासाठी काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की तुमच्या क्लबचे बरेच सदस्य मैदानापासून लांब राहतात, वर्षाकाठी जेमतेम एखादा सामना बघायला येतात आणि मग नूतनीकरण करत नाहीत, तर त्यांना काय द्यावं? मी स्वतः असाच लांबचा सदस्य आहे, त्यामुळे उत्तर जरा एकतर्फी वाटलं तर चालवून घ्या.

आधी काय देऊ नका ते सांगतो. कीचेन, मफलर आणि कार्ड घातलेला तो खोका. परदेशात पाठवायचा झाला तर टपालखर्च आणि कस्टम मिळून आतल्या मालापेक्षा जास्त भरतो, वर तो पोचतो हंगाम अर्धा सरल्यावर. नुसती बोळवण आहे ती. त्यापेक्षा तेवढी रक्कम शुल्कातून कमी करा.

खरं दुखणं तिकिटांचं आहे. अनेक क्लब तिकिटाचा अग्रक्रम हजेरीवर ठरवतात. जितके सामने बघाल तितके गुण जास्त. दर आठवड्याला येणाऱ्यांच्या दृष्टीने ते रास्तच आहे, पण लांबचा माणूस त्या यादीत कधीच वर सरकत नाही. म्हणून काही सामन्यांत थोड्या जागा फक्त अंतराच्या निकषावर राखून ठेवा आणि प्रवासाचं आरक्षण करता येईल इतक्या आधी विका. टीव्हीसाठी सामन्याची तारीख सरकते, हा आम्हाला होणारा सगळ्यात मोठा जाच. विमानभाडं क्लब देणार नाही, हे समजतं. पण तारीख बदलली तर तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा त्याच हंगामातला दुसरा सामना, एवढं तरी द्या. आणि येणं जमलं नाही तर तिकीट क्लबलाच परत विकायची सोय हवी.

याहून सोपी गोष्ट म्हणजे संघ बाहेर खेळायला जातो ते सामने. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला सिडनी स्वान्स हा मूळचा साउथ मेलबर्न क्लब. 1982 मध्ये तो सिडनीला गेला, जुने चाहते मात्र मेलबर्नमध्येच राहिले. त्यांच्यासाठी क्लबने मेलबर्नमधल्या सामन्यांचं वेगळं सदस्यत्व ठेवलं. संघ आपल्या शहरात येतो त्या दिवशी तिकीट नक्की मिळणार असेल, तर मी डोळे झाकून नूतनीकरण करीन.

थेट प्रक्षेपणाचं आश्वासन मात्र करार वाचल्याशिवाय देऊ नका. हक्क बहुधा लीगने आधीच विकलेले असतात. ब्रिटनमध्ये तर शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉल सामने टीव्हीवर थेट दाखवायलाच मनाई असते. युवा संघाचे सामने, सराव सामने, संपूर्ण पुनर्प्रक्षेपण यातलं काय तुमच्या हातात आहे ते आधी तपासा.

मतदानाचंही बघा. बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा अध्यक्ष सदस्यच निवडतात; 2021 च्या निवडणुकीत त्यांना कोरोनामुळे टपालाने मत देता आलं. तुमच्याकडे सदस्यांना मताधिकार असेल, तर तो बजावायला मैदानावर यायची अट काढून टाका. पण नुसत्या मतावर माणसं टिकत नाहीत. 2008 मध्ये इंटरनेटवरून प्रत्येकी 35 पौंड भरून हजारो लोकांनी एब्सफ्लीट युनायटेड हा छोटा इंग्लिश क्लब विकत घेतला. त्याच वर्षी क्लबने एफए ट्रॉफी ही खालच्या स्तरातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, म्हणजे सुरुवात याहून चांगली काय असणार! तरीही नूतनीकरण करणारे भराभर गळाले आणि 2013 मध्ये तो प्रयोग आटोपला. बहुतेकांचं त्या क्लबशी आधीचं नातंच नव्हतं. तुमच्या लांबच्या सदस्यांचं ते आहे, हे तुमचं भांडवल.

सुरुवात करायची तर सदस्यांची यादी पिनकोडनुसार लावा आणि शेजारी पुढच्या हंगामाचं वेळापत्रक ठेवा. कुठल्या शहरात आपली माणसं जास्त आहेत आणि संघ तिथे कधी जाणार आहे, हे दिसलं की यजमान क्लबकडे किती तिकिटं मागायची ते ठरवता येईल. याला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागू नये.