गॉसचे आकडे आणि अचानक पुढे पळणारे घड्याळ

चुंबकरोधक घड्याळांविषयी येणाऱ्या पत्रांत तोच तो गोंधळ पुन्हा पुन्हा दिसत असल्यामुळे, या वेळी त्यांतील काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : रोलेक्सच्या ‘मिलगॉस’ या नावाचा अर्थ काय?

फ्रेंचमध्ये ‘मिल’ म्हणजे हजार आणि गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक. १९५६ साली आलेले हे घड्याळ हजार गॉसपर्यंत टिकावे, अशा बेताने बनवलेले होते.

प्रश्न : माझे किमती ऑटोमॅटिक घड्याळ गेल्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे पुढे जाते. दुकानदार म्हणतो, मशीन खोलून पूर्ण सर्व्हिसिंग करावे लागेल. काय करावे?

आधी घड्याळ खोलू देऊ नका. काल व्यवस्थित चालणारे घड्याळ आज एकदम पुढे पळू लागले, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा, हे मी इतक्या वेळा लिहिले आहे की आता लाज वाटते. मशीनमधील हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक गुंडाळीची कमान, लोहयुक्त मिश्रधातूची असेल तर ती चुंबकित होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमानीची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळाची लय राखणाऱ्या बॅलन्स चक्राचे हेलकावे भराभर होऊ लागतात. वाळलेल्या तेलाने घड्याळ एका रात्रीत दहा मिनिटे पुढे जात नाही. तरीही ‘तेल सुकले आहे’ असे सांगून हजारो रुपयांचे बिल करणारे दुकानदार आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे ते ऐकून निमूटपणे घड्याळ देणारे ग्राहक आहेत.

साधे होकायंत्र घड्याळाजवळ आणा. सुई ठळकपणे हलली तर संशय बळावतो, मात्र ती हलली नाही म्हणून घड्याळ निर्दोष ठरत नाही. चुंबकत्व काढण्याचे यंत्र जाणकार घड्याळजीकडे असते आणि काम मिनिटभराचे आहे. बटण दाबून धरलेले असतानाच घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचे आणि मगच बटण सोडायचे. ऑनलाइन मागवलेले स्वस्त यंत्र वापरून घड्याळ जवळ असतानाच बटण सोडणारे हौशी लोक ते पुन्हा चुंबकित करून आणतात, म्हणून हा प्रयोग घरी नको. चुंबकत्व काढल्यावरही चाल सुधारली नाही, तर धक्क्याने कमानीचे वेढे गुंतलेले असू शकतात. त्या वेळी मात्र टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणी करून अधिकृत केंद्राचा सल्ला घ्यावा. आणि हो, रात्री घड्याळ काढून कशावर ठेवता तेही पाहा: ब्लूटूथ स्पीकर, टॅबलेटचे चुंबकी कव्हर, पर्सचे चुंबकी बटण. काही सेंटिमीटर अंतर राखले तरी चुंबकाचा जोर झपाट्याने कमी होतो.

प्रश्न : सासऱ्यांच्या जुन्या घड्याळाच्या डायलवर ‘ॲंटिमॅग्नेटिक’ लिहिले आहे. मग काळजी नको ना?

हवी. आंतरराष्ट्रीय मानक ७६४ नुसार हा शब्द लिहिण्यासाठी मीटरला ४८०० अँपिअर, म्हणजे सुमारे ६० गॉस, एवढेच क्षेत्र सोसणे पुरेसे आहे. जुन्या डायलांवर तर तो शब्द कोणत्या कसोटीवर छापला, हे सांगणेही कठीण. स्पीकरमधील लोहचुंबकाला अगदी चिकटून ठेवल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

प्रश्न : मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. १५,००० गॉसपर्यंत टिकणारे ओमेगा कंपनीचे घड्याळ घालून खोलीत जाता येईल का?

नाही. १५,००० गॉस म्हणजे दीड टेस्ला, आणि अनेक यंत्रे तीन टेस्लाची असतात; शिवाय घड्याळाची चाल टिकणे वेगळे आणि त्या खोलीत वस्तू सुरक्षित असणे वेगळे. आपल्या विभागाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा शब्द अंतिम मानावा.

प्रश्न : चुंबकाने क्वार्ट्झ घड्याळ कायमचे बंद पडते का?

सहसा नाही, त्याची छोटी मोटर चुंबकाजवळ अडते आणि दूर नेल्यावर पुन्हा चालू लागते. तरीही बंदच राहिले, तर आधी सेल तपासून घ्या.

प्रश्न : ओळखीतून जुना मिलगॉस मिळतो आहे. उत्पादन थांबल्यामुळे भाव वाढेल, असे विक्रेता म्हणतो. घ्यावा का?

२०२३ मध्ये मिलगॉस रोलेक्सच्या यादीतून गेला हे खरे. भावाचे भाकीत मात्र विक्रेत्याचे आहे. मला चिंता निराळ्याच गोष्टीची वाटते. या घड्याळात मशीनभोवती मऊ लोखंडाचे आवरण असते आणि चुंबकीय रेषा त्या सोप्या वाटेने मशीनला वळसा घालून जातात. २००७ नंतरच्या मिलगॉसमध्ये या आवरणावर ‘बी’ हे रोमन अक्षर आणि त्यावर बाण कोरलेला असतो, पण मागचे झाकण पोलादी असल्याने बाहेरून काहीच दिसत नाही. (ओमेगाने २०१३ साली वेगळी वाट धरली: आवरणाऐवजी सिलिकॉनची कमान आणि अचुंबकीय भाग, त्यामुळे तिथे मागे काच चालते.) एखाद्या निष्काळजी दुरुस्तीत हे आवरण काढून बाजूला ठेवले गेले असेल, तर आपण हजार गॉसचे पैसे देऊन साधे घड्याळ घ्याल. पैसे देण्यापूर्वी रोलेक्सचे काम जाणणाऱ्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्यावे, आणि विक्रेता त्याला नकार देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.