लेहच्या मुक्कामात झोपेत थांबणारा श्वास

प्रश्न : मे महिन्यात आम्ही उभयता दिल्लीहून विमानाने थेट लेहला गेलो. पहिल्या दोन्ही रात्री यजमानांचा श्वास झोपेत मध्येच थांबत असे. दहा-पंधरा सेकंद छाती हलतच नसे, मग तीन-चार खोल श्वास येत आणि पुन्हा सारे शांत. ऑक्सिमीटर ८६ दाखवत होता, तरी ‘मला काहीच त्रास नाही’ असे ते म्हणत. मात्र बाजारात साधी बेरीज त्यांना दोनदा चुकली. इंदूरला परतल्यावर सर्व पूर्ववत आहे. हा हृदयाचा दोष समजावा, की मेंदूवर काही परिणाम झाला?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण जे पाहिले त्याला आवर्ती श्वसन म्हणतात. इतक्या उंचीवर नव्याने गेलेल्या निरोगी माणसांतही ते वारंवार आढळते, त्यामुळे केवळ त्यावरून हृदयाचा दोष मानण्याचे कारण नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. हवेतील ऑक्सिजनचा वाटा दोन्हीकडे २१ टक्क्यांच्या आसपासच असतो, पण लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो आणि त्याच प्रमाणात श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन घटतो. (इंदूरजवळची जानापाव टेकडी चढताना आपल्याला लागणारी धाप निराळी. ती टेकडी हजार मीटरच्या आतली आहे; तिथे दमवतो तो चढ.)

ही घट सर्वप्रथम ओळखतात त्या मानेतील दोन कॅरोटिड बॉडी. मेंदूकडे जाणारी रोहिणी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी असतात. श्वसनाच्या नियंत्रणात या भागाचा वाटा दाखवून दिल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमान्स यांना १९३८चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील ऑक्सिजन उतरला की तेथील पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडण्याचे मार्ग मिटू लागतात, कॅल्शियम आत शिरते आणि नवव्या मस्तिष्क-चेतातंतूमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला संदेश जातो. श्वास वाढतो, नाडीही वाढते.

घोटाळा होतो तो इथून पुढे. एरवी आपला श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने चालतो; तो वाढला की लंबमज्जा श्वास वाढवते, उतरला की आवरता घेते. लेहला ऑक्सिजनसाठी श्वास वाढवावा, तर त्याच श्वासांबरोबर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा अधिक बाहेर टाकला जातो, म्हणजे एक यंत्रणा ‘घे’ म्हणत असताना दुसरी ‘थांब’ म्हणू लागते. जागेपणी मेंदूची जाग श्वास चालू ठेवते. झोपेत तो आधार सुटतो आणि कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीखाली गेला, की श्वासाची प्रेरणाच क्षणभर नाहीशी होते. त्या विरामात ऑक्सिजन आणखी उतरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मग एकदम खोल श्वास सुरू होतात. फुप्फुसातले रक्त मानेपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागत असल्याने ही दुरुस्ती नेहमी उशिराच होते व प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त होते. ज्यांची कॅरोटिड बॉडी अधिक तत्पर, त्यांच्यात हे चक्र अधिक ठळक दिसते. तेव्हा यजमानांचा श्वास थांबत होता तो नियंत्रण दुबळे पडल्यामुळे नव्हे. पुढे काही दिवसांत मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक बाहेर टाकून रक्ताची आम्लता जुळवून घेतात आणि दिवसाचा श्वास अधिक मोकळा होतो. ॲसिटाझोलामाइड हे औषध हेच काम लवकर घडवून आणते, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

बेरीज चुकली, ही गोष्ट मला ऑक्सिमीटरच्या आकड्याहून महत्त्वाची वाटते. त्या उंचीवर पहिल्या दिवसांत नव्वदच्या खालचा आकडा अनपेक्षित नसतो. परंतु शरीराच्या वजनात सुमारे दोन टक्के असलेला मेंदू एकूण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा वापरतो, आणि तो कमी पडला की आधी लक्ष, आकडेमोड व सारासार विचार मंदावतात. जीव घुसमटल्याची भावना प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते आणि इथे तर तो उलट कमी झालेला असतो, म्हणून माणूस मनापासून ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो. अशा वेळी सोबतच्या माणसाचे निरीक्षण अधिक विश्वसनीय. तेवढ्या चुकीने आणि अल्प मुक्कामाने मेंदूला कायमची इजा झाली असेल, असे मानू नये. मात्र डोकेदुखी वाढत जाणे, सरळ रेषेत चालताना तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे ही मेंदूला सूज येत असल्याची लक्षणे असतात. तेव्हा सकाळची वाट न पाहता खाली उतरावे व शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत घ्यावी. पहिल्या रात्री मद्य आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी, दोन्ही वर्ज्य.

इंदुरातही त्यांच्या झोपेवर काही रात्री लक्ष ठेवावे. इथे मोठे घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि त्या वेळी छाती-पोटाची धडपड दिसली, तर तो घशाचा मार्ग बंद होण्याचा वेगळा विकार आहे. त्यात रात्रभर ऑक्सिजन वारंवार खाली-वर झाल्याने अनुकंपी चेतासंस्था (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) चेतलेली राहते आणि रक्तदाब वाढतो. त्यासाठी झोपेची तपासणी करून घ्यावी, आणि पुन्हा लेहला जाण्याचा बेत असेल तर ती त्याआधी व्हावी.