पबमध्ये न पिणाऱ्यालाही जागा असते

नोकरीनिमित्त पुढील वर्षी सहकुटुंब इंग्लंडला येण्याचे तुमचे ठरत आहे, घरात कोणी मद्याला शिवत नाही, आणि इथल्या ओळखी पबमध्येच जुळतात असे ऐकल्यामुळे आपण एकटे पडू, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. तुम्ही ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण भीती बाळगू नका. बारा वर्षांत मी बिअरचा घोटही घेतलेला नाही, तरीही माझ्या इथल्या बहुतेक ओळखी घराच्या कोपऱ्यावरच्या पबमध्येच झाल्या.

पब हा ‘पब्लिक हाऊस’ या नावाचा संक्षेप आहे, म्हणजे सर्वांना खुले असलेले घर. त्यामुळे आपल्याकडच्या बारचे चित्र आधी मनातून काढून टाका. दुपारी एखादे आजोबा वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, रविवारी जेवायला तीन पिढ्या एका टेबलाशी येतात आणि कोणाचा तरी कुत्रा पायाशी झोपलेला असतो. 2007 पासून आत धूम्रपानालाही बंदी आहे. मुलांना बहुतेक ठिकाणी नेता येते, मात्र संध्याकाळी किती वाजेपर्यंत, हे आधी विचारून घ्यावे.

बहुतेक पबमध्ये टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचे आणि तिथेच पैसे द्यायचे. काउंटरपुढे रांग दिसत नसली, तरी कोण आधी आले हे सगळ्यांच्या लक्षात असते. तुमच्या आधी आलेला माणूस बाजूला उभा असताना तुम्हाला विचारले गेले, तर ‘यांचा नंबर आधी आहे’ असे सांगा. माझ्या पहिल्या दोन ओळखी एवढ्याच वाक्यावरून झाल्या.

‘राउंड’ची पद्धत मात्र नीट समजून घ्या. चौघे एकत्र बसले की एक जण सगळ्यांसाठी पेये आणतो, पुढच्या वेळी दुसरा आणतो, आणि अशी पाळी फिरत राहते. आपण फक्त संत्र्याचा रस घेतो म्हणून यातून बाजूला राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या पाळीत मद्यापेक्षा एकमेकांची आठवण ठेवण्याला महत्त्व असते.

वर्णभेदाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तो विचार मनात असेलच. 1960च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमधील काही पबांत भारतीयांना अमुक खोलीत बसू दिले जात नसे. फेब्रुवारी 1965 मध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या कार्यकर्त्यांबरोबर गेलेले अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांनाही तिथल्या एका पबच्या खोलीत पेय नाकारण्यात आले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. आज त्याच परिसरात पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ आहेत आणि तिथे तंदुरी ग्रिलच्या तव्याभोवती सर्व वर्णांचे लोक बसलेले दिसतात. अपमानाचा एखादा प्रसंग आजही येऊ शकतो, हे मी लपवणार नाही. पण तो आलाच, तर दुसरा पब शोधा, पबमध्ये जाणे सोडू नका.

आल्यावर दर आठवड्याला एकच वार ठरवा, आणि शक्य असल्यास तो पबमधल्या क्विझचा, म्हणजे संघासंघांत होणाऱ्या प्रश्नमंजूषेचा असू द्या, कारण कुठल्या ना कुठल्या संघात एक माणूस कमी असतोच. मी मंगळवार धरला. चौथ्या की पाचव्या मंगळवारी मी कोट काढत असतानाच मालकीणबाईंनी उंच ग्लासात बर्फ घालून माझा लाइम-सोडा तयार ठेवला होता. पुढे पत्नीच्या आजारपणामुळे मी दोन मंगळवार दिसलो नाही, तेव्हा आमच्या संघातले एक निवृत्त पोस्टमन घर शोधत आले आणि दारात उभे राहून त्यांनी फक्त एवढेच विचारले, “सगळे ठीक आहे ना?”