इंटरव्ह्यूत मूल्यमापनाचं विचारलं तर काय सांगायचं?

प्रश्न: ताई, माझं बी.एड. झालंय, ऐरोलीला राहते. परवा घणसोलीच्या एका शाळेत सहावीच्या गणितासाठी इंटरव्ह्यू होता. मूल्यमापन कसं करणार विचारलं तर मी आकारिक (शिकवता शिकवता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी परीक्षेतून होणारं) दोन्हीच्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मॅडम म्हणाल्या, ते ठीक, पण वर्गात काय कराल? मी गप्पच. आता ठाण्यात दुसरा इंटरव्ह्यू आहे, काय बोलू?

उत्तर: अगं, व्याख्या त्यांनापण पाठ असतात. त्यांना बघायचं असतं की पोराला येत नाहीये हे तुला कळतं कसं आणि कळल्यावर तू काय करतेस. त्यामुळे एकच धडा घेऊन जा, पण नीट. समज अपूर्णांकांची बेरीज. १/३ + १/४ चं उत्तर बरीच मुलं २/७ लिहितात, वरचे वर मिळवले, खालचे खाली. इथे नुसती लाल फुली मारून काही होत नाही. त्याच मुलाला त्याच्याच रीतीने १/२ + १/२ करायला सांग, २/४ येतं, म्हणजे परत अर्धाच! दोन अर्ध्या भाकऱ्या मिळून अर्धीच भाकरी कशी, हे त्याचं त्यालाच खटकतं, मग छेद समान करायचं शिकवलेलं डोक्यात बसतं. दुसऱ्या दिवशी तास संपताना तसंच एक गणित चिठ्ठीवर सोडवून घ्यायचं, मार्क नाही द्यायचे, फक्त अजून कोण अडकलंय ते बघून नोंद करायची. झालं की तुझं आकारिक मूल्यमापन, आणि हे ऐकल्यावर व्याख्या कोणी विचारत नाही.

'अर्धा वर्ग नापास झाला तर?' हा प्रश्न हमखास येतो. 'जास्त सराव घेईन' असं म्हणू नकोस, सगळे तेच म्हणतात. आधी कुठला प्रश्न चुकला ते बघेन म्हण, बहुतेकांचा एकच चुकला असेल तर तो भाग मी परत, वेगळ्या पद्धतीने शिकवेन.

शाळा कुठल्या बोर्डाची ते आधी विचारून घे. स्टेट बोर्डाची असेल तर २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या जीआरप्रमाणे (शासन निर्णयाप्रमाणे) पाचवी-सहावीला आकारिक ५० टक्के, संकलित ५० टक्के आणि सातवी-आठवीला ४०-६० एवढं लक्षात असू दे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झालं तर पुनर्परीक्षा, हेही विचारतात. सीबीएसई असेल तर हे आकडे तिथे बोलू नकोस, उगाच फजिती.

आणि डेमो लेक्चर असेल तर शेवटची पाच मिनिटं त्या चिठ्ठीसाठी राखून ठेव.